परातीतला फासा

हा खेळ नव्या माणसाला समजावताना सुरुवातीलाच सांगावं लागतं की यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. हे ऐकून आमच्या शेजारच्या काकूंनी हातातल्या ब्लाउजचं हुक तसंच सुईला लटकत ठेवलं आणि विचारलं, "मग कशाला खेळायचं?"

पुण्यात नोकरीला असताना मी दर रविवारी हा खेळ खेळायचे. त्यातले पहिले काही रविवार तर तोंडातून शब्दही न काढता नुसती बसून होते, आणि तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिथे सगळे इंग्रजीत खेळायचे. इंग्रजीत असले प्रश्न पडत नाहीत.

मी काकूंना आणि वहिनीला खेळ सांगायचा प्रयत्न केला. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी मंत्र जाणणारी, कोणी वैद्य, कोणी चोर. सांगणारा म्हणतो, तुम्ही एका भुयाराच्या तोंडाशी उभे आहात, आतून धुराचा वास येतोय. आणि मग विचारतो, आता तुम्ही काय करता? तुम्ही जे म्हणाल ते घडतं. अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं, आणि एक आला तर सगळ्यात वाईट.

"एवढंच?" काकू म्हणाल्या.

"एवढंच."

काकूंनी फासा उचलून उजेडात धरला. निळा, आरपार दिसणारा, प्रत्येक बाजूला पांढरा आकडा. "आवळ्यावानी हाय," त्या म्हणाल्या.

फासा वहिनीला सापडला होता, माझी बॅग आवरताना. पुण्यातली नोकरी गेल्यावर मी कड्याला, आमच्या गावी, घरी आले, ते चार दिवसांसाठी असं सगळ्यांना सांगून. बॅग मात्र उघडली नव्हती. तोवर आईने स्थळं बघायला सुरुवात केली होती. बघायला माणसं येत. मी साडी नेसून पाटावर बसे, विचारलं तेवढं सांगे, आणि पाहुणे जाताना म्हणत, मुलगी शांत आहे. ते खरंच होतं. शाळेत मराठी बोललं की बाई वर्गाबाहेर उभं करत, आणि घरी चुकून इंग्रजी शब्द आला की "आल्या मॅडम" म्हणून सगळे हसत. मग मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले. लग्नाच्या बाजारात याला गुण म्हणतात.

जेवणं, भांडी उरकली की आई नातीला, वहिनीच्या लेकीला, घेऊन आतल्या खोलीत आडवी व्हायची. वडील साखर कारखान्यासमोरच्या पारावर जायचे. मग मागच्या पडवीत पत्र्याखाली आम्ही तिघी बसायचो. काकू शिवणाचं काम घेऊन येत. नवरा गेल्यापासून त्यांचं घर त्या मशीनवरच चालत होतं. कारखान्याचा भोंगा होईपर्यंतची वेळ आमची. पहिल्या दुपारी फासा शहाबादी फरशीवर असा काही खडखडला की आतून आई खोकली. दुसऱ्या दिवशी वहिनीने परात आणली, तीत तांदूळ पसरले आणि म्हणाली, "ताई, यात टाका." तांदळात फासा फार गडगडत नाही, थोडा घरंगळून रुतून बसतो. पण आवाज होत नाही. आणि कोणी आलंच तर आम्ही तांदूळ निवडतोय.

वहिनी माझ्यापेक्षा वयाने थोडी मोठीच आहे. तरी ती मला ताई म्हणते आणि अहो-जाहो करते. मी तिला अगं-तुगं करते. हे कोणी ठरवलं नव्हतं, म्हणजे फार आधीच ठरलेलं होतं.

पुण्यात पहिल्या दहा मिनिटांत सगळे तलवारी उपसून गावाबाहेर पडत. आम्हाला गावाबाहेर पडायलाच एक अख्खी दुपार लागली. मी सांगितलं होतं की डोंगरातल्या भुयारात कोणीतरी राहतं आणि गावातली जनावरं एकेक करून नाहीशी होतायत. काकूंचा योद्धा पैलवान होता, दाढीमिशांचा, खांद्यावर कोयता. तो निघालाच नाही.

"घराला कुलूप कोण लावणार?" काकूंनी विचारलं.

"काकू, घराचं सोडा. ते खेळात नाही."

"न्हाई कसं? माणूस हाय म्हणल्यावर घर हायच. आन् मागं शेळीला पाणी कोण पाजणार?"

मी शेळीसाठी एक शेजारीण निर्माण केली. मग काकूंनी तिच्यासाठी भाकरी थापून ठेवली, कारण फुकट कोण करतं. मग कुठे पैलवान निघाला.

आणि भुयारातला राक्षस समोर आल्यावर, मी त्याचे दात, त्याची गदा, सगळं रंगवून सांगितल्यावर, मी विचारलं, "आता तुम्ही काय करता?" काकू म्हणाल्या, "विचारते त्याला, पाव्हणं, कोणत्या गावचे?"

मी इतकी गोंधळले की तोंडात आलं ते गाव सांगितलं. तलवाडा.

"अगं बया! तलवाड्याला माझी मावसबहीण दिलीय," काकू म्हणाल्या, आणि विषय संपला. नात्यातल्या माणसावर कोयता उचलायचा नसतो. राक्षसाने आम्हाला चहा केला. वहिनी पदर तोंडात कोंबून हसत होती, खांदे हलत होते. ती लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि आवडलं नाही. म्हणजे तिचं हसणं नव्हे. माझ्या ते लक्षात यायला इतका उशीर लागला ते.

वहिनीने चोर निवडली होती. "तिला आवाज न करता चालता येतं ना?" एवढंच तिने विचारलं होतं. पण खेळायची वेळ आली की तिची गाडी अडायची.

"वहिनी, तू काय करतेस?"

"तुम्ही सांगाल तसं."

"मी सांगायचं नसतं गं. तू सांगायचं."

"मग काकू करतील तसं."

काकू म्हणायच्या, "माझा पैलवान पुढं, त्याच्या मागं मागं चल मग," आणि ती चालायची. कागदावर मी नावासाठी एक ओळ आखली होती, तीही तिने कोरी ठेवली. "नंतर सांगते," म्हणाली. मी घाई केली नाही. मला माहीत होतं, मीही पुण्यात तशीच बसले होते. न बोलणाऱ्या माणसाला कोणी ढोसलं नाही तर तो एक दिवस आपोआप बोलतो, एवढी एकच गोष्ट मी या खेळातून खात्रीने शिकले आहे.

तो दिवस आला. भुयाराच्या आत एक लोखंडी दार होतं आणि पैलवानाने लाथा मारूनही ते उघडत नव्हतं. मी काकूंकडे बघत होते, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "मी कुलूप उघडते."

तिने फासा टाकला. तांदळातून सतरा वर आले.

"उघडलं," मी म्हणाले.

त्यानंतर ती बदलली. भाकरी थापता थापता मध्येच विचारायची, "ताई, त्या भुयाराला मागून वाट असंल का हो?" धुणं वाळत घालताना म्हणायची, "तो रखवालदार झोपतो कधी?" मला रात्री नवनवीन दारं रचावी लागत, कारण तिला कुलपं पुरत नव्हती. तिची चोर काही चोरत नसे. आत जायची, खोल्या बघायची आणि बाहेर यायची. काकू वैतागायच्या. "अगं, सोन्याची हंडी हाय म्हणती ना ती! घे की!" वहिनी म्हणायची, "नको. बघून झालं."

मग एका दारावर मी एक रखवालदारीण बसवली. तिने अंधारातून विचारलं, "कोण आहे?" हा साधा प्रश्न होता, मी काही ठरवून टाकला नव्हता. वहिनी थोडा वेळ तांदळात बोट फिरवत राहिली आणि मग हळूच तिने नाव सांगितलं. माझं नाव.

मला वाटलं, ती माझी चेष्टा करतेय. मी हसायच्या बेतात होते, तेवढ्यात काकूंची सुई थांबलेली दिसली. काकू तिला म्हणाल्या, "अगं, ते तर तुझं पहिलं..." आणि पुन्हा टाका घालायला लागल्या.

तेव्हा मला आठवलं. मला ते माहीत होतं. कोणी लपवलं नव्हतं. भावाचं लग्न ठरलं तेव्हा मी शाळेत होते. मुलीचं नाव आणि माझं नाव एकच निघालं. आत्या म्हणाली होती, "एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, हाक मारली की दोघी ओ देतील." सगळ्यांना ते पटलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, भावाने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, भावाच्या नावाला जुळणारं, आणि टाळ्या झाल्या. माझं नाव बदलावं असं अर्थातच कोणी सुचवलं नाही. मी घरची मुलगी. पण माझं लग्न होऊन मी जाणार, ती राहणार, हा हिशेब त्या दिवशी कोणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

मी कागदावरच्या कोऱ्या ओळीवर ते नाव लिहिलं. लहानपणापासून वह्यांवर लिहिलेलं नाव, पण हात नवखा झाला. आणि रखवालदारीण म्हणाली, म्हणजे मी म्हणाले, ते नाव घेऊन, "ये आत."

"ओ," वहिनी म्हणाली.

खेळात ओ द्यायची गरज नसते. ते तिच्या तोंडून गेलं. घरात हाक मारली की ती "आले, आले" म्हणत येते, हात पुसत. हे "ओ" वेगळं होतं. ते बसल्या जागेवरून आलं होतं.

त्यानंतर मी तिला खेळात कारण नसताना नावाने हाका मारू लागले. आता पुढे जा, आता खाली वाक, आता ऐक. प्रत्येक हाकेला ती मान वर करायची. स्वतःचं नाव दुसऱ्याला देऊन हाक मारताना पहिल्यांदा आवाज चोरटा होतो, मग सवय होते, आणि सवय झाली की आवाज मोठा होतो. तिथेच घोळ झाला. चोराच्या मागे कुत्री लागली होती, आणि मी ओरडले, तिचं नाव घेऊन, "मागे बघ!"

दारात आई उभी होती. केस विस्कटलेले, डोळ्यांवर झोप.

"स्वतःलाच हाका मारतीस व्हय गं?"

"खेळ हाय ओ," काकू म्हणाल्या. "पोरींचा खेळ."

आईने परातीकडे बघितलं, फाशाकडे बघितलं, मग वहिनीकडे. वहिनीने फासा तांदळाखाली ढकलला होता आणि ती खडे निवडायला लागली होती.

"नणंदेचं नाव घेऊन खेळती व्हय?" आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. नुसतं विचारलं.

मी बोलत नाही, हे मी आधी सांगितलं. त्या दिवशी बोलले. "ते तिचंच नाव आहे, आई. आपण घेतलं तिच्याकडून."

"आपण?" आई म्हणाली. मग विस्कटलेले केस बांधत म्हणाली, "माझं माहेरचं नाव काय होतं, माहितीय तुला?"

मला माहीत नव्हतं. नाव बदललं होतं हेसुद्धा माहीत नव्हतं. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली. त्यांनाही माहीत नव्हतं, आणि त्या आमच्या शेजारी तीसेक वर्षं राहतायत.

"मग," आई म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

मी नंतर स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. "आता काय करायचंय ते," एवढंच ती म्हणाली, आणि मला दुधाचं पातेलं धरायला दिलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण शनिवारी भाऊ आला. तो चाकणला कंपनीत आहे, सुट्टीला येतो. माझा भाऊ वाईट नाही. हे वाक्य आमच्या घरात फार वापरलं जातं. जेवताना आईने त्याला सगळं सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, गंमत म्हणून. पोरी दुपारी काय करतात, फासा कसला, पैलवान कसला. आणि वहिनीने कोणतं नाव घेतलंय ते.

भाऊ खूप हसला. "एवढंच ना? मग सांगायचं की! आजपासून तेच." आणि लगेच, मान मागे टाकून, सिनेमात ताणतात तसं ताणून, त्याने तिला त्या नावाने हाक मारली. "अगं ए, पाणी आण!"

वडील हसले. आईही हसली. वहिनीने पाणी आणलं.

"बघ, आली का न्हाई!" भाऊ म्हणाला.

त्याला ते इतकं आवडलं की त्याने लेकीलाही शिकवलं. लहान पोर, तिला काय. रविवारभर ती टाळ्या वाजवत घरात आपल्या आईच्या त्या नावाने ओरडत फिरत होती, बापाने शिकवलेल्या त्याच ताणलेल्या आवाजात. शेजारच्या पोरांनी उचललं. एकदा मी चुकून ओ दिली, तर भाऊ म्हणाला, "तुला न्हाई गं, चोराला!" पुन्हा सगळे हसले. वहिनी प्रत्येक हाकेला आली. हात पुसत आली. ओ मात्र तिने एकदाही दिली नाही.

यात चूक कोणाची म्हणायची? नाव मागितलं होतं, नाव दिलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. फक्त अशा रीतीने दिलं की घेणाऱ्याने पुन्हा कधी काही मागू नये. आमच्या घरात बायकांना सगळं असंच मिळतं, हसत हसत. मी नोकरीसाठी पुण्याला जायचं म्हणाले होते तेव्हाही सगळे असेच हसले होते. "जाऊ द्या, येतीच की परत." आणि मी आले होते.

सोमवारी पहाटे भाऊ गेला. दुपारी मला वाटलं वहिनी पडवीत येणार नाही. ती आली. तांदळाची परात घेऊन आली, नेहमीच्या जागी बसली. काकूही आल्या, त्यांना भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं होतं.

"कुत्री मागं लागली होती ना?" काकूंनी मलाच आठवण करून दिली. "तिथंच होतो आपण. चल, सांग."

मी तोंड उघडलं, पण नाव घेता येईना. वहिनीच म्हणाली, "ताई, माझी चोर मारून टाका."

"कशाला? नाव बदलू आपण. दुसरं ठेव, तुला आवडेल ते. किंवा ती गावी गेली म्हणू, माहेरी गेली म्हणू."

"न्हाई. गेली म्हणलं की परत येती. मारून टाका."

मी म्हणाले, मला असं मारता येत नाही. खेळाचा नियम आहे. संकट आलं की फासा टाकायचा, आणि फासा सांगेल ते व्हायचं. हे खोटं होतं. गोष्ट सांगणाऱ्याला सगळं करता येतं. मला नुसती वेळ हवी होती.

"मग टाकते," ती म्हणाली. "भुयार खचतंय म्हणा."

"भुयार खचतंय," मी म्हणाले. "छतातून माती पडतेय. तू काय करतेस?"

"मी उभी राहते."

तिने फासा टाकला. तो तांदळात थोडा घरंगळला आणि थांबला. आम्ही तिघी वाकलो. वीस.

"वीस!" काकू ओरडल्या आणि लगेच आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला. "वाचली बघ. अगं, वाचली!"

वहिनी त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिने दोन बोटांनी फासा उचलला, फिरवत फिरवत एक शोधला, आणि एक वर ठेवून तो तांदळात दाबला, हलू नये इतका.

"एक आलं," ती म्हणाली. "सांगा आता."

मी सांगितलं. छत कोसळलं, मी म्हणाले. आधी माती, मग दगड. चोर आत होती. दार बंद झालं. मी तिचं नाव घेतलं नाही.

काकूंनी शिवण बाजूला ठेवलं. "माझा पैलवान कुठं हाय?"

"बाहेर."

"मग तो उकरतो. कोयता हाय त्याच्याकडं. दे इकडं फासा."

"काकू, राहू द्या," वहिनी म्हणाली. तिने तळहाताने परातीतले तांदूळ ओढून सारखे केले. फासा खाली गेला, दिसेनासा झाला. मग तिने त्यातला एक खडा उचलून अंगणात टाकला, आणि दुसरा शोधायला लागली.